खोडलेली ओळ

आमच्या चर्चच्या सभागृहामागील खोलीत दहा शिलाई यंत्रे आहेत. त्यांवर पांढऱ्या चादरी पसरलेल्या आहेत. महापालिकेच्या महिला व बालकल्याण निधीतून ती मिळाली, तेव्हा हार-तुरे झाले, छायाचित्रे निघाली आणि मी स्वतः आभाराचे भाषण केले. आज वर्ग बंद आहे. त्याचा दोष महापालिकेकडे जितका जातो, त्याहून अधिक माझ्याकडे येतो. म्हणून हे लिहावयास बसलो आहे.

अर्जाचा कच्चा मसुदा आमच्या समाजकेंद्राचे काम पाहणाऱ्या बाईंनी केला होता. सारे गाव त्यांना मावशी म्हणते, मीही म्हणतो. सकाळी खोली उघडणे, मुलींची हजेरी मांडणे, कापड-दोऱ्याचा हिशेब ठेवणे, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला पाठवावयाची कागदपत्रे जुळवणे, आणि एखादी मुलगी चार दिवस आली नाही तर तिच्या घरी जाऊन येणे, हे सर्व त्या करीत. मसुद्यात यंत्रांच्या खाली त्यांनी एक ओळ लिहिली होती: ‘वर्ग व हिशेब सांभाळणाऱ्या व्यक्तीचे मासिक मानधन.’ ती ओळ मी लाल शाईने खोडली. आपण पगार मागतो आहोत असे दिसेल, याची मला लाज वाटली. सेमिनरीत आम्हांला त्यागाचे पुष्कळ धडे मिळाले, हिशेबाचे फारसे मिळाले नाहीत. आणि दुसऱ्याच्या त्यागावर संस्था उभी करणे किती सोपे असते, हे तर मला कधी सुचलेही नव्हते.

मी खोडली नसती तरी ती ओळ मंजूर झाली असती का, ठाऊक नाही. ‘आस्थापना खर्च अनुज्ञेय नाही’ हे वाक्य अनुदानाच्या कागदांवर ज्यांनी वाचले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. वस्तू मोजता येते, तिच्यावर नाव रंगवता येते. वहीत रोज दोन तास घालणारी बाई छायाचित्रात दिसत नाही. पूर्वी परदेशी देणग्यांतून अशा माणसांचा थोडाबहुत पगार भागत असे. परंतु परदेशी देणग्यांविषयीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. मावशींना आम्ही देत होतो ती रक्कम मग आणखी आकसली.

एके दिवशी त्या माझ्याकडे आल्या. “फादर, सेवा मी करतेच; पण दुकानदार सेवेवर तांदूळ देत नाही,” एवढेच म्हणाल्या आणि किल्ल्या टेबलावर ठेवून गेल्या. एका कंपनीत त्यांनी पॅकिंगचे काम धरले. पुढल्या चार महिन्यांत हजेरीपट अर्धवट राहिला, पावत्यांचा मेळ बसेना, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत गेले नाही आणि कच्च्या मालासाठीचा दुसरा हप्ता अडकला. शिकवणारी मुलगीही कंटाळून गेली.

ही हकिगत मी ब्रुकलिनमध्ये असलेल्या माझ्या एका सहाध्यायी धर्मगुरूला पत्राने कळवली. त्याने सांत्वन करण्याऐवजी न्यूयॉर्कच्या एका संस्थेची कहाणी लिहून पाठवली. ‘फेग्ज’ ही १९३४ साली स्थापन झालेली, दरवर्षी लाखभर लोकांच्या उपयोगी पडणारी प्रचंड सेवासंस्था २०१५ साली दिवाळ्यात निघाली. तिच्या कारभारातही चुका होत्याच. तरी पुढच्या वर्षी तेथील सेवासंस्थांच्या महासंघाने चौकशीचा अहवाल काढला, त्यात एक गोष्ट स्वच्छ नोंदली: सरकारी करारांतून खऱ्या खर्चाच्या डॉलरमागे सुमारे ८० सेंटच हाती पडतात. उरलेले २० सेंट कोणी द्यावयाचे? पुढे २०१९ साली त्या शहराने हिशेब, भाडे, देखरेख यांचा प्रत्यक्षातला खर्चही देण्याची योजना आखली, आणि २०२० च्या महामारीत तिलाही कात्री लावली. श्रीमंत शहरांचेही असेच असते, हे वाचून मला, खोटे कशाला बोला, थोडे बरे वाटले.

पण इतके दूर जावयास नकोच होते. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या स्त्री-पुरुषांची पंचायत डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने १९९३ साली उभी राहिली. तिच्यातून निघालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने २००८ साली पाच वर्षांचा करार केला. घरोघरचा कचरा उचलणाऱ्या बायांची कमाई घरटी शुल्कातून; महापालिकेने भार उचलला तो गणवेश-साधनांचा आणि, महत्त्वाचे म्हणजे, व्यवस्थापनाचा. म्हणजे मी खोडलेली ओळ तेथे करारातच होती! कराराच्या नूतनीकरणाच्या वेळी त्या संस्थेलाही टांगणीवर राहावे लागले, हे खरे. तरी हजारो स्त्रियांचे काम उभे राहिले ते या ओळीच्या आधाराने.

आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये मी हे मांडले तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “फादर, उद्या लोक म्हणतील, चर्चमध्येही पगारी माणसे!” मी त्यांना कपाटातला तो जुना मसुदा आणून दाखविला. लाल रेघ अजून तशीच ठळक आहे. ते काही बोलले नाहीत. पण ठराव एकमताने झाला, असे मला लिहिता येणार नाही. दोन हात वर गेले नव्हते.

यंदाचा अर्ज लिहून घेण्यासाठी मी रविवारी मावशींच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला, चष्मा लावला आणि ती ओळ यावेळी सर्वांत वर लिहिली, यंत्रांच्या दुरुस्तीच्याही आधी. रकमेचा आकडा घालताना त्या थबकल्या आणि माझ्याकडे पाहू लागल्या. तो आकडा मी घातला. अर्ज दाखल झाला आहे, पोच मिळाली आहे.

“मंजूर झाला तर बघू, फादर,” मावशी मला दारापर्यंत पोचवताना म्हणाल्या. “कंपनीतली नोकरी मी आताच सोडत नाही.”