दादाला वास का येत नसे

दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात दिवेलागणीला एक गोष्ट हमखास घडे. परवचा म्हणायला सगळी मुले ओट्यावर जमत आणि आमचा थोरला दादा वाटेतला तांब्या, चपला किंवा कुणाचा तरी पाय तुडवत येई. "डोळे कुठं ठेवलेस रे?" हे त्याला रोज ऐकावे लागे. जुम्मादादा व्यायाम मंदिरात ऊन असेतो खो-खोत तो कुणाच्या हाती लागत नसे. ऊन कलले की तोच खांबावर आदळे. एका गुरुजींनी त्याला 'धांदरट' ठरवले आणि ते नाव त्याला चिकटले.

घरात गाजरे, पपई, माशाच्या तेलाच्या गोळ्या असे सगळे झाले. तो वेडेपणा नव्हता. 'अ' जीवनसत्त्व दृष्टिपटलात असते हे जॉर्ज वॉल्ड यांनी १९३३ मध्ये दाखवले होते आणि त्याच्या अभावाने येणारा रातांधळेपणा त्या आहाराने खरोखर बरा होतो. दादाचा मात्र झाला नाही.

१९६४ ची अनंत चतुर्दशी. सुरसागरावरून परतताना दादाचा हात आमच्या हातात होता. मित्र हसले म्हणून आम्ही तो सोडला. दादा पायरीवरून पडला, मनगट मोडले. घरी त्याने "पाय घसरला" एवढेच सांगितले.

पुढे डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले : रेटिनायटिस पिग्मेंटोसा. दृष्टिपटलाचा आनुवंशिक रोग, उपाय नाही. नजर हळूहळू आक्रसत नळीतून पाहिल्यासारखी होईल, असेही सांगितले. आईने मनाशी ठरवले की दादाच्या वेळी आपण ग्रहण पाळले नाही, त्याचेच हे फळ. हा सल तिने पन्नास वर्षांहून अधिक काळ बाळगला.

२०१९ मध्ये पुतणीच्या आग्रहाने दादाच्या रक्ताची जनुकीय तपासणी झाली. दोष सापडला तो सी.एन.जी.बी.१ नावाच्या जनुकात. हे काय प्रकरण आहे म्हणून आम्ही वाचू लागलो. जे समजले ते बालमित्रांसाठी सोपे करून सांगतो.

आपल्या प्रत्येक डोळ्यात अंधुक प्रकाशात पाहणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या सुमारे ६० लाख शंकुपेशी असतात. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे अतिशय पातळ पटल असते. त्यात प्रथिने रुतलेली असतात. त्यांतली काही खिडक्यांचे काम करतात. दंडपेशीची खास खिडकी अंधारात उघडी असते आणि तिच्यातून क्षारांचे कण आत येत राहतात. पेशीच्या आत नाण्यांच्या चळतीसारख्या चकत्या असतात. त्यांच्या पटलात ऱ्होडॉप्सिन हे प्रथिन धावदोऱ्यासारखे सात वेळा आरपार गेलेले असते. त्याच्यावर प्रकाश पडला की निरोप पुढे जातो आणि खिडकी मिटते. तिचे मिटणे हीच मेंदूला 'दिसले' अशी खूण!

पण ही खिडकी ओळखायची कशी? पटलातली प्रथिने तुपातल्या कणीसारखी. नुसत्या पाण्यात ती विरघळत नाहीत, पटलातून ओढून काढली तर गोळा होऊन बिघडतात. म्हणून शास्त्रज्ञ कत्तलखान्यातून गुरांचे डोळे आणत, दंडपेशींची टोके वेगळी करत आणि सौम्य साबणासारख्या द्रव्याने पटल विरघळवून एकेक प्रथिन निवडत. १९८५ मध्ये रशियन संशोधकांनी ही खिडकी कोणता रेणू उघडी ठेवतो ते शोधले. १९८७ मध्ये कुक, हांके आणि काउप यांनी जर्मनीत खिडकीचे प्रथिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. हेच ते, याची खात्री कशी करायची? त्यांनी ते कृत्रिम पटलात बसवले आणि त्यातून विद्युतप्रवाह जातो हे दाखवून दिले. पुढे त्या खिडकीत दुसऱ्या प्रकारचा तुकडाही असतो हे कळले, आणि २००२ मध्ये हिशेब लागला : चार तुकड्यांपैकी तीन एका प्रकारचे, एक दुसऱ्या प्रकारचा. दादाचा बिघडला होता तो हा चौथा.

आणखी एक गंमत. दूध करपून धूर झाला तरी दादाला वास येत नसे; त्यावरूनही तो बोलणी खाई. याच जनुकापासून बनणारा तुकडा नाकातल्या वास घेणाऱ्या पेशींतही असतो. हा दोष असलेल्या रुग्णांची वासाची जाण मंद असते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

आमचे आईवडील आते-मामे भावंडे. दोघांकडे या जनुकाची एक बिघडलेली आणि एक चांगली प्रत होती, म्हणून दोघांना नीट दिसे. दादाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्या आल्या. अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला ती शक्यता चारात एक असते. नात्यातल्या लग्नात असे जोडपे जुळण्याचा संभव वाढतो. नव्वदीच्या आईला हे समजावले, तेव्हा तिने एवढेच विचारले, "म्हणजे ग्रहणानं नव्हे?" नव्हे, म्हटल्यावर ती पदराने डोळे पुसत बराच वेळ बसली.

त्याच दिवशी आम्ही दादाला सुरसागराची गोष्ट सांगितली. "हात सुटला नव्हता, सोडला होता." तो म्हणाला, "ठाऊक होतं मला."

अशाच रोगाच्या एका वेगळ्या जनुकावरचा उपचार अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाला. दादाच्या दोषावर अजून औषध हाती आलेले नाही. पण दोष कुठे आहे हे कळल्यामुळे तो कुणाचा नाही, हेही कळले.

पालकांना विनंती, मूल संध्याकाळी अडखळत असेल, चित्रपटगृहात जागा शोधताना चाचपडत असेल, तर रागावण्याआधी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. विश्वस्तांना विनंती, जिन्यावर भरपूर उजेडाचा दिवा असू द्या. आणि मुलांनो, एखादा मित्र अंधारात हात मागेल, तेव्हा कोण हसते आहे ते पाहू नका.