आलिझे

वास्कोत वाढलेल्या आम्हा पोरांना विमानं आवाजावरून कळायची. दाबोळीहून सीहॉक निघालं की कानठळ्या बसायच्या. आलिझे मात्र एका पंख्यावर घरघरत सावकाश समुद्राकडे सरकायचं. वाळलेले कपडे काढता काढता आई वर बघायची. म्हणायची, "चालले बिचारे, पाणी धुंडाळायला."

आईचं बरोबर होतं. १९६१ मध्ये नौदलात आलेल्या या फ्रेंच विमानाचं मुख्य काम पाणबुड्या हुडकण्याचं. आत तिघे. विक्रांत या विमानवाहू नौकेवर मावावं म्हणून पंख दुमडायची सोय, आणि पोटातून खाली उतरणारा रडारचा घुमट.

पुढे कॉलेजात १९७१ च्या युद्धाबद्दल वाचायला लागलो. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने आपली खुखरी ही युद्धनौका बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. बोट न सोडणारे कॅप्टन मुल्ला साऱ्या देशाला ठाऊक झाले, व्हायलाच हवे होते. दुसऱ्याच दिवशी अरबी समुद्रावर गस्त घालणारं एक आलिझे पाकिस्तानच्या स्टारफायटरने पाडलं. लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय, लेफ्टनंट सिरोही आणि विजयन. माझ्या हाती आलेल्या पुस्तकात त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी होत्या.

त्या दोन ओळींपाशी मी अडकलो तो अजून तिथेच आहे. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारं. आलिझेची धाव ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास. त्याला मशीनगनसुद्धा नव्हती. पाणतीर होते, पाण्यात टाकायचे बॉम्ब होते, पण ते सगळं खाली, पाणबुडीसाठी. वरून कोणी आलं तर ना लढता येत होतं ना पळता. आदल्या रात्री खुखरी गेलेली, पाणबुडी मोकळीच, आणि तशा समुद्रावर हे तिघे निघाले होते. आपल्यापाशी स्वतःच्या बचावाला काही नाही हे त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं माहीत असणार. मला या जाण्याचं मोल लढाऊ वैमानिकाच्या झेपेपेक्षा तसूभरही कमी वाटत नाही.

१९९१ मध्ये आलिझे निवृत्त झालं. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात एक उभं आहे. मुलीला तिथे नेलं तेव्हा तिने विचारलं, "बाबा, एवढ्याशा जागेत तिघं?" मी तिला तिघांची नावं सांगितली. शाळेत डिसेंबरमध्ये खुखरीवर बोलायला ती उभी राहिली, तेव्हा ९ तारखेवर थांबली नाही.