तीन फुलपात्रें आणि चौथी गोळी

म्हातारपणीं माणसाचे गुरु वयानें लहान होत जातात. जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि वडिलांकडून मिळालेलें संस्कृत एवढ्या शिदोरीवर तीसएक वर्षें मीं मुलांस शिकविलें. आतां माझा बारा वर्षांचा नातू मला हातचलाखी शिकवीत आहे. निदान त्याची तशी समजूत आहे, आणि ती मोडण्याची मला घाई नाहीं.

आमचें घर सोनगीरचें. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्यानें उत्तरेकडे निघालें म्हणजे किल्ल्याच्या टेकडीखालीं हें गांव लागतें. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठीं तें खानदेशांत प्रसिद्ध आहे. आम्ही दोघे भाऊ एकत्र राहतों. चूल एक, आणि नातवंडें कोणाचीं कोण हें पाहुण्यांस चटकन् कळत नाहीं. त्यांतल्या एकानें गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत 'पेले आणि गोळ्या' या खेळाचा संच घरपोंच मागविला.

खेळ बहुतेकांनीं पाहिला असेल. तीन पालथे पेले आणि तीन गोळ्या. एका पेल्याखालची गोळी नाहींशी होते, दुसऱ्याखालीं निघते. तिन्ही एकाखालीं जमतात. आणि शेवटीं पेला उचलावा तों खालीं भलेंमोठें लिंबू! जगांतल्या अति प्राचीन खेळांपैकीं हा एक आहे. रोमचा तत्त्ववेत्ता सेनेका यानें पहिल्या शतकांत लिहिलेल्या एका पत्रांत याचा दाखला दिला आहे. या खेळाची गोडी फसण्यांत आहे, युक्ति एकदां कळली कीं गोडी संपली, असें त्याचें म्हणणें. तें मला किती महाग पडलें, तें पुढें सांगतों.

आलेला संच प्लॅस्टिकचा होता. पेले इतके हलके कीं माथ्यावर गोळी ठेवतांच डळमळत. एकांत एक घातले कीं घट्ट रुतून बसत, मधें गोळीपुरती फट राहत नसे. आणि ती फट हाच तर या खेळाचा अर्धा प्राण. गोळ्या गुळगुळीत, फरशीवर ठेवल्या कीं घरंगळत पलंगाखालीं जात. चार दिवसांत मुलगा रडकुंडीस आला व म्हणाला, "आजोबा, माझे हातच वाईट आहेत."

शिक्षकाच्या कानाला हें वाक्य परिचयाचें असतें. मुलाला आपला हात वाईट वाटूं लागला कीं आधीं त्याची लेखणी तपासावी, हा माझा जुना नियम. मीं संच बाजूला ठेवविला आणि त्याला स्वयंपाकघरांत नेलें.

आपल्या घरांतील फुलपात्र या खेळासाठींच घडविलें असावें, असें मला आतां वाटूं लागलें आहे. त्याला वजन असतें. बूड अरुंद, तोंड रुंद, म्हणून एकांत एक सहज बसतें व सहज निघतें. कांठ बाहेर वळलेला असल्यामुळें बोटाला आधार मिळतो. अडचण एकच निघाली. आमच्या घरचीं फुलपात्रें निरनिराळ्या लग्नांत आलेलीं, त्यामुळें तीन सारखीं मिळेनात. तेव्हां एक फुलपात्र व एक लिंबू घेऊन आम्ही दोघे तांबटाकडे गेलों. लिंबू अशासाठीं कीं पेल्याचें माप गोळीवरून ठरत नाहीं. शेवटीं त्यांत जी वस्तु मावावयाची, तिच्यावरून ठरतें.

तांबटानें सर्व ऐकून घेतलें, लिंबू आंत घालून पाहिलें आणि विचारलें, "गुरुजी, पितळ झकझकीत करूं का?" नातू हो म्हणणार, तों तोच पुढें म्हणाला, "पण आरशासारखें केलें तर तळहातांत काय दडविलें आहे तें लोकांना पितळेंत दिसेल. त्यापेक्षां मठाराचे बारीक ठोके राहूं द्या." ज्यानें हा खेळ कधीं केला नाहीं त्याला हें सुचलें, कारण धातूचा स्वभाव त्याला ठाऊक होता. त्यानें बुडाला बाहेरून किंचित् खोलगट केलें, म्हणजे पालथ्या फुलपात्रावर गोळी ठरावी. आणि कांठ बोथट केला, म्हणजे बोट कापूं नये.

गोळ्यांचें काम घरांत झालें. जुन्या बाटल्यांचीं बुचें कातरून गोल केलीं, त्यांवर धाकट्या सूनबाईंनीं तांबड्या लोकरीचें क्रोशाचें वेष्टण विणलें. बुचामुळें गोळी हलकी राहते, लोकरीमुळें बोटांत ठरते, आणि पितळेवर आदळली तरी आवाज होत नाहीं. वाचकांनीं मथळ्यावरून ओळखलें असेलच कीं तीन गोळ्या प्रेक्षकांच्या व एक आपली. आम्हीं पांच केल्या, कारण एक हरवतेच. फरशीऐवजीं घोंगडी अंथरली. तिच्यावर गोळी घरंगळत नाहीं व भांडें वाजत नाहीं. एवढ्यानें साहित्य पुरें झालें. यांत नवीन असें कांहीं नाहीं. इंग्लंडांत रेजिनाल्ड स्कॉट यानें १५८४ सालीं छापलेल्या ग्रंथांत या खेळासाठीं मेणबत्त्यांच्या बैठका, वाडगे किंवा मीठदाण्यांचीं झांकणें घ्यावीं, असें सांगितलें आहे. घरांतली वस्तु ओळखीची असते, म्हणून तिच्याविषयीं कोणास शंका येत नाहीं.

साहित्यानंतर शिक्षणाचा प्रश्न. नातू यूट्यूबवरील चित्रफिती पाहून शिकत होता. मी त्यांना नांवें ठेवीत नाहीं; परंतु त्यांत एक धोका आहे. पाहणाऱ्याला प्रथम दिसतो तो वेग, आणि मूल वेगाचेंच अनुकरण करूं लागतें. याउलट पुस्तकाला वेग नसतो. प्रोफेसर हॉफमन या नांवानें लिहिणाऱ्या एका इंग्रज बॅरिस्टराचें 'मॉडर्न मॅजिक' हें पुस्तक १८७६ सालीं निघालें. त्यांत या खेळाला एक संपूर्ण प्रकरण दिलें आहे. ग्रंथस्वामित्वाची मुदत केव्हांच संपल्यामुळें तें कोणासहि फुकट वाचतां येतें. मी एक एक वाक्य मराठींत सांगावें, मुलानें तेवढीच एक हालचाल करावी, आणि ती जमल्यावांचून पुढचें वाक्य वाचावयाचें नाहीं, असा आमचा पाठ सुरू झाला. समोर आरसा ठेवला, कारण आपला हात आपल्याला वरून दिसतो आणि प्रेक्षकाला समोरून. चित्रफीत आम्ही शेवटीं पाहत असूं, ती चुका ताडून पाहण्यापुरती.

चौसष्ट कलांच्या यादींत वात्स्यायनानें या विद्येला 'हस्तलाघव' म्हटलें आहे. लाघव या शब्दाचा अर्थ मी जन्मभर वेग असाच सांगत आलों. आतां घोंगडीवर बसल्यावर चूक ध्यानांत आली. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो म्हणतात; तें लाघव हेंच. गोळी लपवितांना हात घाईनें हलविला तर सर्वांच्या नजरा तिकडे जातात. जेवढें हलावयास हवें तेवढेंच हलावें, त्याहून करंगळीसुद्धां अधिक नको, हें खरें हस्तलाघव.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास बसलों, ती सांगतों.

१९८१ सालीं मी खानदेशांतील एका खेड्याच्या शाळेंत नवीन शिक्षक होतों. एके दिवशीं मधल्या सुटींत एक वृद्ध गारुडी पटांगणांत आला. त्यानें चादर अंथरली, डमरू वाजविला आणि पोतडींतून तीन लाकडी वाट्या काढल्या. आपल्याकडील गारुड्यांच्या असतात तशा, उथळ, माथ्यावर बोंडासारखी मूठ असलेल्या. मेज नाहीं, पडदा नाहीं. तो जमिनीवर उकिडवा आणि सभोंवार मुलांचें कडें. नुकतेंच मीं कोठेंसें या खेळाचें मर्म वाचलें होतें. खेळ ऐन रंगांत आला असतां मी मोठ्यानें म्हणालों, "मुलांनो, चौथी गोळी त्याच्या बोटांच्या बेचक्यांत आहे, पाहा!"

म्हातारा थांबला. त्यानें हात उघडून गोळी सर्वांस दाखविली. मग वाट्या माझ्याकडे सरकवून तो शांतपणें म्हणाला, "बरोबर आहे, मास्तर. तुम्हांला कळलें. आतां करून दाखवा."

मीं प्रयत्न केला. गोळी बोटांतून निसटून धुळींत पडली. मुलें आधीं त्याला हंसलीं होतीं, आतां मला हंसलीं. परंतु त्या हंसण्यानें त्याच्या चादरीवर एक पैसाहि पडला नाहीं. नाणीं मुलांच्या खिशांतच राहिलीं. रंगमंचावरील जादूगाराचें तिकीट आधीं विकलेलें असतें. गारुड्याची मिळकत खेळाच्या शेवटीं असते, आणि तो शेवटच मीं होऊं दिला नाहीं. त्यानें वाट्या एकांत एक घातल्या व तो निघून गेला. दुसऱ्या दिवशीं पांच रुपये घेऊन मीं त्याला जवळच्या बाजाराच्या गांवीं शोधलें. तो सांपडला नाहीं.

पुष्कळ वर्षें मी मनाची समजूत घालीत असें कीं आपण मुलांना अंधश्रद्धेंतून सोडविलें. ही समजूत खोटी होती. स्कॉटनें चारशें वर्षांपूर्वीं हे खेळ उघड केले ते चेटूक म्हणून ज्या गरिबांना फांसावर चढवीत त्यांना वांचविण्यासाठीं. मीं उघड केला तो मुलांवर छाप पाडण्यासाठीं. हातचलाखीला दैवी चमत्कार म्हणून जो विकतो त्याचें बिंग फोडलेंच पाहिजे. जादूटोण्याच्या नांवानें होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध २०१३ पासून महाराष्ट्रांत कायदाहि आहे. पण तो म्हातारा तर आरंभींच म्हणाला होता कीं हा हाताचा खेळ आहे, पोटासाठीं आहे. त्यानें खोटें असें कांहींच सांगितलें नव्हतें.

आणि युक्ति कळली म्हणजे गोडी संपते, हेंहि खरें नाहीं. अमेरिकेंत पेन आणि टेलर ही जोडी हाच खेळ पारदर्शक पेल्यांनीं करीत आली आहे. गोळी केव्हां आंत जाते तें धडधडीत दिसतें, तरी नजर चुकते आणि लोक टाळ्या वाजवितात. त्यांतील टेलर पूर्वीं शाळेंत लॅटिन शिकवीत असे, हें वाचून मला व्यवसायबंधु भेटल्याचा आनंद झाला. सेनेकाची गोडी संपली, कारण त्यानें स्वतः पेल्यांना हात लावला नसावा. सूत्र पाठ झाल्यानें व्याकरण येत नाहीं, हें मी वर्गांत रोज सांगत होतों, आणि पटांगणांत विसरलों.

गेल्या कोजागिरीस गच्चीवर दूध आटत असतां नातवानें घोंगडी अंथरली. पांच महिन्यांचा अभ्यास होता. खेळ मध्यावर आला असतां त्याचा एक चुलतभाऊ ओरडला, "चौथी गोळी त्याच्या हातांत आहे!" माझ्या छातींत धस्स झालें. मुलानें माझ्याकडे पाहिलें, मग दोन्ही हात उघडे केले. ते रिकामे होते. गोळी केव्हांच जावयाच्या ठिकाणीं गेली होती, आणि सर्व मर्म ठाऊक असूनहि ती केव्हां गेली हें मला दिसलें नाहीं. पाठोपाठ तिन्ही फुलपात्रांखालून लिंबें निघालीं.

टाळ्या ओसरल्यावर मीं घोंगडीवर पांच रुपये ठेवले. "आजोबा, घरच्या खेळाला पैसे कसले?" नातवानें विचारलें.

"तुझे नव्हेत," मीं म्हटलें. "एकाचे द्यावयाचे राहिले आहेत. तूं ते जपून ठेव, आणि बाजारांत कोठें असा खेळ दिसला तर शेवटपर्यंत उभा राहा व त्याच्या चादरीवर टाक."