साठीनंतरची बुद्धी

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. राजाजीनगरात पन्नासहून अधिक वर्षे काढल्यावर तिची कानडी बहीणही माझ्या चांगल्या परिचयाची झाली आहे. साठीला ‘अरळु-मरळु’, म्हणजे बुद्धीचा घोळ, असे आमचे शेजारी हसत हसत म्हणतात. घरी मराठी बोलणाऱ्या कानडी कवी द. रा. बेंद्रे यांनी मात्र हेच दोन शब्द आपल्या संग्रहाला दिले आणि त्यांतून उमलणे व पुन्हा उमलणे असा अर्थ काढला. त्या संग्रहाला १९५८ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले.

कवीची ही गंमत मला गंभीरपणे घ्यावी लागली ती धाकट्या भावामुळे. येथील जुने मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था एक होऊन निमहान्स झाले, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७५ साली, त्याला छिन्नमनस्कता जडली. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आता बहात्तरी ओलांडल्यावर तो दुधाची पिशवी दुकानातच विसरून येऊ लागला, तेव्हा घरात सर्वांच्या मनात एकच शब्द आला आणि तो कोणीही उच्चारला नाही: स्मृतिभ्रंश.

ही भीती त्या रोगाच्या पहिल्या नावातच आहे. क्रेपेलिन या जर्मन वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केलेल्या नावाचा अर्थच ‘अकाली बुद्धिनाश’ असा होता. १९०८ साली ब्लॉयलरने नाव बदलले. पण रोगी उतरणीला लागला तो लागलाच, ही समजूत मागे राहिली. ती तपासून पाहणाऱ्यांत डॉ. दिलीप जेस्ते हे एक प्रमुख. वैद्यकाचे शिक्षण पुण्यास, मानसोपचाराचे पहिले धडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात आणि १९८६ पासूनची कारकीर्द सॅन दिएगोच्या विद्यापीठात, असा त्यांचा प्रवास. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेचे ते २०१२-१३ साली अध्यक्ष होते. आशियाई वंशाचे पहिले. पण मला मोठेपणा वाटतो तो निराळ्या गोष्टीचा. म्हाताऱ्या वेड्यांकडे कोण पाहतो? त्यांनी पाहिले.

त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले ते असे: वयस्क छिन्नमनस्क रुग्णांची बुद्धी निरोगी वृद्धांपेक्षा अधिक वेगाने घसरत नाही, उलट अनेकांचा आजार उतारवयात निवळतो, औषध वेळेवर घेणे त्यांना जमू लागते. शरीर मात्र लवकर झिजते. जुन्या औषधांनी तोंड व जीभ आपोआप हलत राहण्याचा जो त्रास होतो, त्याचा धोका वृद्धांना तरुणांहून कितीतरी अधिक असतो, हेही त्यांनीच दाखवून दिले. माझा भाऊ सदा काही चघळत असल्यासारखा दिसतो. शेजारची मुले त्याला पुटपुटणारे आजोबा म्हणतात. तो पुटपुटत नाही, हे मी किती जणांना सांगू?

पन्नास ते नव्याण्णव वर्षे वयाच्या १,००६ सामान्य लोकांची त्यांनी केलेली पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. शरीर थकत असतानाही वयाबरोबर लोकांचे समाधान वाढत होते, आणि त्यात नैराश्य नसणे हे प्रकृतीइतकेच मोलाचे ठरले. अर्थात, ते लोक सॅन दिएगोचे. शिवाय छिन्नमनस्कतेचे कितीतरी रुग्ण म्हातारपणापर्यंत पोचतच नाहीत. जे पोचले त्यांच्याविषयीच हे सारे आहे. सरासरी ही कोणाच्या घरी राहावयास येत नाही.

भावाची तपासणी झाली. डॉक्टरांनी त्याला वार विचारला, शंभरातून सात सात वजा करावयास लावले, घड्याळ काढून घेतले. घड्याळ उत्तम निघाले. विसरणे वयाचे आहे, सहा महिन्यांनी पुन्हा या, असे ते म्हणाले. परतताना नवरंग चौकापाशी आम्ही रस्ता ओलांडण्यासाठी थांबलो होतो. तो आपणहून म्हणाला, “दादा, ती माणसं अजून बोलतात. पण हल्ली मी त्यांना उत्तर देत नाही.”

मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. गोळ्यांची डबी गेल्या महिन्यापासून त्याच्याच ताब्यात दिली आहे; रात्री मी फक्त मोजतो. अजून एकही चुकलेली नाही.