द्वारपाल

दरवर्षी ३१ ऑक्टोबर जवळ आला की आम्हांला आमच्या चर्चच्या जुन्या लाकडी दाराची आठवण होते. त्या दाराच्या कड्या काढणारे हात आता या जगात नाहीत. ३१ ऑक्टोबर हा संत अल्फोन्सस रॉड्रिग्ज यांचा सण, आणि हे संत एका विद्यालयाचे द्वारपाल होते.

अल्फोन्सस हे स्पेनमधील सेगोव्हिया येथील लोकरीच्या व्यापाऱ्याचे चिरंजीव. वडील वारले तेव्हा शिक्षण अर्धवट सोडून त्यांना धंदा हाती घ्यावा लागला. पुढे धंदा बुडत गेला. पत्नी गेली, मुलेही गेली. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या या विधुराने येशूसंघात प्रवेश मागितला, तेव्हा वय, प्रकृती आणि अपुरे शिक्षण या तिन्ही गोष्टी आड आल्या. अखेर १५७१ साली त्यांना ब्रदर म्हणून स्वीकारण्यात आले आणि मायोर्का बेटावरील पाल्मा येथील विद्यालयात त्यांची रवानगी झाली. तेथे त्यांच्या वाट्याला आले दार उघडण्याचे काम. पाहुण्यांना आत घ्यावे, विद्यार्थ्यांचे निरोप पोहोचवावेत, दीनदुबळ्यांना भाकरी द्यावी. दारावर थाप पडली की प्रत्यक्ष प्रभूच बाहेर उभा आहे, या भावनेने ते उठत. असे एक दिवस नव्हे, वर्षांमागून वर्षे.

त्याच विद्यालयात १६०५ साली पीटर क्लेव्हर हा तरुण शिकावयास आला. पंडितांच्या त्या घरात त्याने आपल्या मनातले प्रश्न विचारले ते या वृद्ध द्वारपालाला! अल्फोन्सस यांनी त्याची दृष्टी समुद्रापलीकडे वळवली. १६१० साली क्लेव्हर आजच्या कोलंबियातील कार्ताहेना बंदरात उतरले आणि गुलामांच्या जहाजांतून येणाऱ्या आफ्रिकी बांधवांची सेवा करण्यात त्यांनी उरलेले आयुष्य वेचले. अल्फोन्सस १६१७ साली निवर्तले. पोप तेरावे लिओ यांनी १५ जानेवारी १८८८ रोजी गुरू व शिष्य या दोघांनाही एकाच दिवशी संतपद बहाल केले.

ही कथा आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात अनेकदा रंगवून सांगितली आहे. आणि तरीही!

काही वर्षांपूर्वी आमच्या चर्चच्या महोत्सवाची स्मरणिका सिद्ध करण्याचे काम आमच्याकडे होते. आभाराच्या दोन पानांत आम्ही देणगीदार, जाहिरातदार, मंडपवाले, बँडवाले, सर्वांची नावे काळजीपूर्वक घातली. प्रकाशन झाले, टाळ्या झाल्या. रात्री घरी पाने चाळताना छातीत धस्स झाले. पहाटेच्या मिस्सापूर्वी चर्च उघडणारे, घंटा वाजवणारे, वेदीवरच्या मेणबत्त्या लावणारे आमचे वृद्ध बाबा त्या यादीत कोठेच नव्हते. कोणी मुद्दाम वगळले नव्हते. ते इतके नेहमीचे झाले होते की आम्हांला दिसेनासेच झाले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही क्षमा मागावयास गेलो. पाऊस लागला होता. बाबा बाकांखाली पडलेली स्मरणिकेची कागदी वेष्टने गोळा करीत होते. आम्ही अडखळत बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पुस्तक चांगलं झालंय, मास्तर. आता जरा बाजूला व्हा. पाणी आत येतंय, दार लावायचंय."

आम्ही बाजूला झालो. पुढच्या अंकात चूक दुरुस्त करू, असे मनाशी ठरवले. पण स्मरणिकेला पुढचा अंक नसतो. त्यानंतर दोन वर्षांनी बाबा गेले. त्यांच्या अंत्यविधीला घंटा कोणी वाजवावी, असा प्रश्न पडला, तेव्हा कुठे साऱ्या गावाला त्यांच्या कामाचे मोल कळले.

बाबांना आमच्या आभारांची गरज नव्हती, हे खरे. परंतु आभार मानण्याची गरज आम्हांला होती. सेवा करणारा आपले नाव विसरतो, ही त्याची नम्रता; ते नाव आपण विसरतो, हा आपला कृतघ्नपणा. या दोहोंत आपण गल्लत करू नये.

वाचकहो, आपल्याही चर्चमध्ये, आपल्याही घरात कोणीतरी रोज पहाटे दार उघडत असेल. येत्या रविवारी त्यांच्यापाशी क्षणभर थांबावे, त्यांना नावाने हाक मारावी. आम्हांला उशीर झाला. तुम्हांला होऊ नये, एवढीच प्रार्थना.