निशाचर बिऱ्हाड

कुत्रा आणि मांजर यांच्याशीं माणसाचा फार जुना करार आहे: आपण निजलों कीं त्यांनीं निजावें, निदान आपली झोंप मोडूं नये. मांजर हा करार अधूनमधून मोडतें, पण तें मांजर म्हणून चालून जातें. चंद्रपुरास आमच्या शेजारीं दोन वर्षांपूर्वीं ‘शुगर ग्लायडर’ नांवाच्या प्राण्याचें एक जोडपें राहावयास आलें, आणि त्या घराचें घड्याळच उलटें फिरूं लागलें.

हा प्राणी मूळचा ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांकडचा. वजन 100 ते 150 ग्रॅम, म्हणजे एखाद्या पेरूएवढें. मादी कांगारूप्रमाणें पोटाच्या पिशवींत पिलें वाढविते. पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत पसरलेल्या कातडीच्या पडद्यावर तरंगत तो 50 मीटरपर्यंत जाऊं शकतो. नांवांत साखर आहे, आणि घोटाळा तेथेंच होतो. रानांत तो झाडांचा चीक, डिंक, फुलांतला मध आणि किडे खातो. घरीं लोक त्याला नुसतीं केळीं नि द्राक्षें भरवितात. मग शरीरांत कॅल्शियम कमी पडतें, हाडें ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात. एकटा ठेवला तर तो खंगतो, प्रसंगीं स्वतःचेंच अंग चावून जखमी करतो. म्हणून जोडी हवी. पिंजरा रुंदीपेक्षां उंचीला मोठा, गज अगदीं जवळजवळ, आणि दिवसा निजावयास वर टांगलेली मऊ कापडाची पिशवी.

शेजारच्या कन्येनें हें सारें केलें. खरी परीक्षा घेतली ती पंख्यानें. रात्रीं दोघांना पिंजऱ्याबाहेर सोडावयाचें, तर छताचा पंखा बंद ठेवलाच पाहिजे. नाहीं तर एका झेपेंत अनर्थ. चंद्रपुरांत मे महिन्यांत, दुपारीं पारा 45 अंशांपलीकडे जाऊन आला असतां, पंखा बंद करून बसणें म्हणजे काय, तें चंद्रपूरकरच जाणोत! तिचे वडील घामानें निथळत वर्तमानपत्र वाचीत बसत, आणि त्यांच्या खांद्यावरून पडद्यावर झेपा चालत.

गेल्या उन्हाळ्यांत आलापल्लीहून त्यांच्या एका नातलगाचा फोन आला. वादळांत जुनें झाड कोसळलें होतें आणि त्याच्या ढोलींत उडत्या खारीचें पिलूं जिवंत सांपडलें होतें. “तुमच्याकडे असलेच दोन आहेत, त्यांत हेंहि वाढेल.” असलेच! उडती खार ही कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या कुळांतली. तिला पिशवी नाहीं, आणि मोठी झाली म्हणजे शेपटीसकट ती दोन हात भरते. तरंगण्याची एकच युक्ति दोघांना निरनिराळ्या खंडांत साधली, एवढेंच काय तें साम्य. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें तिला संरक्षण आहे. ती घरांत ठेवणें हा गुन्हा.

तरी शेजाऱ्यांना मोह झाला, हें मीं पाहिलें. कोणीतरी हेमलकशाचा दाखलाहि दिला. तेथें 1973 सालीं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर प्रकाश आमटे यांनीं अनेक रानटी पिलें वाढविलीं, हें खरें. पण शिकारींत आई मारली गेल्यामुळें पोरकीं झालेलीं पिलें त्यांच्याकडे येत. येथें आई मेली असें कोणीं पाहिलें होतें? हा प्रश्न विचारला तो कन्येनेंच.

वनखात्याला कळविण्यांत आलें. वनरक्षकानें पिलूं धोतराच्या चिंध्यांसह एका पेटींत घातलें आणि दिवेलागणीस ती पेटी जवळच्या उभ्या झाडावर उंच बांधली. त्या रात्रीं शेजारीं दिवा बराच वेळ जळत होता.

सकाळीं निरोप आला, पेटी रिकामी आहे. आंतल्या चिंध्या नीट होत्या कीं विस्कटलेल्या, असें कन्येनें विचारलें. तें कोणीं पाहिलें नव्हतें.