सावली कुणाची

गांबिया हा देश म्हणजे एका नदीचे दोन काठ. अटलांटिक महासागरापासून आत शिरलेली चिंचोळी पट्टी, रुंदीला फार तर 50 किलोमीटर, आणि उरलेल्या तिन्ही बाजूंनी सेनेगल. उत्तर काठावर मंडिंका लोकांच्या एका गावात मी स्वयंसेवक म्हणून गेले. शाळेतलं गणित माझ्याकडे आलं होतं, मळ्यातलं काम मी मागून घेतलं.

तिथे दिवस उजाडतो तो कांडपाच्या आवाजानं. अंगणाअंगणात उखळं असतात, आणि उखळात बाजरी. माणसानं बाजरी पहिल्यांदा पेरली ती याच पश्चिम आफ्रिकेत, सहाराच्या दक्षिणेकडे. मालीमध्ये लागवडीच्या बाजरीचे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे अवशेष सापडले आहेत. तिथून निघालेलं हे धान्य आपल्या भोगीच्या, तीळ लावलेल्या भाकरीपर्यंत पोचलं. चवळीही मूळची तिकडचीच. रानगवतातून चांगलं कणीस हेरून ज्यांनी पहिलं बी धरलं, त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. कांडपाच्या ठेक्यावर वरखाली होणारे बायांचे दंड पाहिले की मनात यायचं, आपण इथे शिकवायला आलो खरे, पण आपलं ताट या मातीचं फार जुनं देणं लागतं.

शाळेच्या आवारात कडुनिंब होता, कुंपणाला शेवगा. दोन्ही झाडं मूळची आपल्याकडची. कडुनिंबाखाली मुलं बसत. घरी मंडिंका किंवा फुला बोलायची आणि शाळेत सगळं इंग्रजीत शिकायचं, म्हणून फळ्यावरचं क्षेत्रफळ त्यांच्यापर्यंत पोचत नसे. मग आम्ही वर्ग मळ्यात नेला. दोरीनं वाफा आखायचा, कांद्याची रोपं किती बोटांवर लावायची ते ठरवायचं, वाफ्यात किती मावतील ते आधी सांगायचं आणि मग लावून मोजायचं. उत्तर जुळलं की मुलं नाचत. मुलींपैकी काही रोज उशिरा येत. त्यांचे तळहात पाहिले आणि मी उशिराचं कारण विचारणं बंद केलं. दोरानं घट्टे पडलेले ते हात पहाटेपासून विहिरीवर असत.

पाऊस जूनमध्ये येतो, ऑक्टोबरात जातो. त्या दिवसांत वरकस जमिनीत पुरुषांचा भुईमूग, पाणथळीत बायकांचं भात. पाऊस सरला की मळ्याचे दिवस सुरू होतात. कांदा, टोमॅटो, मिरची, भेंडी, कोबी, कडू वांगी आणि आपल्या ओळखीची अंबाडी. थंडीत वाळवंटाकडून हरमॅटनचा कोरडा वारा सुटतो, ओठ फुटतात, वाफे तासाभरात पांढरे पडतात. विहिरींचं पाणी खाली जातं आणि बादलीचा दोर वाढवावा लागतो. सकाळी एकदा, उन्हं कलल्यावर एकदा, प्रत्येक वाफ्याला पाणी. पोटाशी बांधलेलं मूल पाठीवर सरकवून बाया पाणी शेंदत. आठवडी बाजाराला तिथे लुमो म्हणतात. मळ्यातला कांदा लुमोत विकला की त्यातून वह्या येत, औषध येई, तेल-साबण येई. भिशीसारखी ओसुसू चाले. बायकांच्या गटाला, म्हणजे काफोला, हिशेब स्वतः लिहायचा होता. संध्याकाळी आम्ही आकडे गिरवत बसायचो.

हे मळे तसे फार जुने नाहीत. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून सहाराच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यात दुष्काळ पडत गेले. भात आटलं, भुईमुगाची मिळकत घटली, आणि उत्तर काठावरच्या बायकांनी भाजीचे मळे वाढवले. घराचा खर्च त्यांच्या हातून चालू लागला. बायको दिवसभर मळ्यात दिसू लागली, तेव्हा ती दुसऱ्या नवऱ्याकडे गेली, असं पुरुष म्हणू लागले. अमेरिकन भूगोलतज्ज्ञ रिचर्ड श्रोडर यांनी हा सगळा इतिहास अभ्यासून 1999 साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यातला पुढचा भाग माझ्या मनातून जात नाही.

जमीन गाव वसवणाऱ्या घराण्यांची, म्हणजे पुरुषांची. बायकांना ती फक्त कसायला मिळालेली. 1980च्या दशकात पर्यावरण राखण्यासाठी मदत संस्थांनी मळ्यांत फळझाडं लावायला प्रोत्साहन दिलं. जमीनमालकांनी वाफ्यांमधून आंबा, संत्री लावली. कोरड्या दिवसांत ती रोपं जगली ती बायकांनी शेंदलेल्या पाण्यावर. काही वर्षांत फांद्या एकमेकींना भिडल्या, खाली ऊन येईना, भाजी धरेना. मळ्याची आमराई झाली आणि आमराई जमीनमालकाची होती. कुठे कुठे बायकांनी फांद्या छाटल्या, झाडं तोडली.

आमच्या गावातही मळ्याच्या कडेला एक मोठा आंबा होता. त्याच्याखाली काहीच पिकत नसे. एका म्हाताऱ्या बाईनं मला तिथे नेलं. माझी एक विद्यार्थिनी तिचं बोलणं मला सांगत होती. म्हातारी म्हणाली, ‘‘याला पाणी मी घातलं. माझे वाफे इथे होते.’’ बोलताना तिचा हात खोडावरून फिरत होता. झाडावर तिचा राग नव्हता. ते तिनंच वाढवलं होतं.

आपण झाड लावणं पुण्याचं मानणाऱ्या मुलखातले. वाटेवर आंबा लावणाऱ्याचं नाव आपल्याकडे पिढ्यानपिढ्या घेतलं जातं. म्हणून मला त्या बाईचं बोलणं खोल लागलं. झाड चांगलंच असतं, पण ते कुणाच्या श्रमावर वाढतं आणि कुणाला उन्हातून उठवतं, हे पाहिल्याशिवाय त्याची सावली चांगली म्हणता येत नाही. मदतीचंही तसंच आहे. मनातला हेतू तिला शुद्ध करत नाही. ज्यांच्या हातांवर ती उभी राहणार आहे, त्यांना आधी विचारलं गेलं का, यावर तिचं मोल ठरतं.

लांबच्या मुलखात काम करायला निघालेली तरुण मुलं भेटली की मी त्यांना सांगते: रोप हाती घेण्याआधी विहिरीवर जा, दोर ओढून पाहा. जमीन कुणाची, पाणी कोण शेंदतं आणि फळ धरेल तेव्हा ते कुणाचं, हे तिथल्या बायांना विचारा. पाणी शेंदणारीचं नाव बाकीच्या दोन्ही उत्तरांत येत नसेल, तर झाड थांबू शकतं. आधी तिच्या नावानं कागद होऊ द्या. मग आंबा लावा, आणि हवे तेवढे लावा.